संकेतस्थळांवरील नकाशे व जुन्या कागदांची साक्ष

जुन्या कागदपत्रांचें संकेतस्थळ उभारतांना त्यांत वाचकाच्या बोटानें सरकणारा, लहानमोठा होणारा नकाशा बसविण्याचा प्रघात आतां सर्वत्र पडला आहे. २०११ सालीं प्रसिद्ध झालेल्या ‘लीफलेट’ या मोफत साधनामुळें, आणि २००४ पासून लोकांनीं मिळून रचलेल्या ‘ओपनस्ट्रीटमॅप’मुळें, हें काम एकट्या अभ्यासकाच्याहि आटोक्यांत आलें. सोय स्तुत्य खरी. परंतु पुरावा म्हणून अशा नकाशाची किंमत किती, याचा विचार फारसा झालेला दिसत नाहीं.

उदाहरणार्थ स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचें संकेतस्थळ घेऊं. विल्यम रॉय याच्या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या, १७४७ ते १७५५ च्या लष्करी पाहणीचा हस्तलिखित नकाशा तेथें आजच्या नकाशावर पसरून ठेविला आहे. एक पट्टी सरकवितांच जुना कागद विरळ होतो व खालचे रस्ते दिसूं लागतात. कोणाहि संग्राहकास हें पाहून आनंद होईल, आम्हांसहि झाला. परंतु ती पाहणी त्रिकोणमितीच्या पायावर झालेली नव्हती. रस्ते व नद्या साखळीनें मोजून मधला प्रदेश नजरेनें काढला होता, आणि तिला काटेकोर नकाशा न समजतां लष्करी रेखाटन समजावें, असा अभिप्राय खुद्द रॉयनेंच पुढें दिला. असा कागद आजच्या नकाशावर बसवावयाचा म्हणजे चर्च, पूल, नद्यांचे संगम हीं ओळखीचीं स्थळें दोहोंकडे जुळवून मधला भाग ताणावा किंवा आंवळावा लागतो. अशा कामांतील एका गणिती रीतीनें तर जुळविलेलीं सर्व स्थळें तंतोतंत बसतात व चूक शून्य दिसते. हें शून्य फसवें आहे. स्थळ ओळखण्यांतच चूक झाली असली, तरी तें तितकेंच नेमकें बसतें! शिवाय मूळ रेखाटकानें काय मोजलें व काय लांबूनच पाहिलें, हें त्याच्या चुकांवरूनच कळावयाचें. ताणलेल्या प्रतींत ती साक्ष पुसली जाते.

आपल्याकडील मोडी कागदांत अडचण याहून मोठी. कागदांत ‘मौजे वडगांव’ एवढेंच असावयाचें, आणि त्या नांवाचीं गांवें महाराष्ट्रांत अनेक. संकेतस्थळावर मात्र अक्षांश-रेखांश सहा दशांश स्थळांपर्यंत दिलेले आढळतात, म्हणजे सुमारें ११ सेंटिमीटरांचा नेमकेपणा. कागदानें गांवहि निश्चित सांगूं नये आणि नकाशानें उंबरठा दाखवावा, हा न्याय कोणता? ‘जिओजेसन’ या लेखनपद्धतींत रेखांश आधीं येतो, लीफलेटमध्यें अक्षांश आधीं; आंकडे उलटे पडले तर पुणें नॉर्वेच्या उत्तरेस समुद्रांत जातें. पण ती चूक निदान डोळ्यांस दिसते. चुकीच्या वडगांवावर रोवलेली खूण दिसत नाहीं.

तेव्हां न ताणलेली मूळ प्रत शेजारींच असावी, व कोणतीं स्थळें जुळविलीं तें उघड दाखवावें. संशयित गांवास टिंब न देतां संशयाच्या विस्ताराएवढें पुसट वर्तुळ द्यावें. लीफलेटमध्यें तें एका ओळीचें काम आहे. आणि खुणेवर बोट ठेवतांच कागदाचा रुमाल व अनुक्रमांक वाचकास दिसावा.