हस्तलिखितांची डिजिटल छायाचित्रे आणि दोषनिवारणाची मर्यादा

हस्तलिखिताचे डिजिटल छायाचित्र म्हणजे त्याची यथामूल प्रत होय, असे सामान्यतः गृहीत धरले जाते. हे गृहीत तपासून पाहणे अवश्य आहे. कॅमेऱ्यातून निघणाऱ्या तयार प्रतिमेवर बहुधा दोन संस्कार आधीच झालेले असतात: भिंगाच्या दोषांची दुरुस्ती आणि ‘नॉइज’चे, म्हणजे प्रतिमेत विखुरलेल्या अनियमित ठिपक्यांचे, निवारण. दोहोंना ‘शुद्धीकरण’ हे एकच नाव मिळाले असले तरी त्यांचे स्वरूप सर्वथा भिन्न आहे.

भिंगाचा दोष नियमबद्ध असतो. सरळ रेषा पिंपासारखी फुगणे, कोपरे काळवंडणे, अक्षरांच्या कडांना रंगीत झालर येणे, हे विकार त्याच भिंगात, त्याच परिस्थितीत, दर वेळी सारखेच आढळतात. म्हणून ते मोजता व उलट गणिताने दूर करता येतात. ध्वनिपरिवर्तनाचा नियम कळला की पूर्वरूप सांधता येते, तसाच हा प्रकार आहे. नॉइजचे तसे नाही. एका बिंदूवर सरासरी १०,००० प्रकाशकण पडल्यास चढउतार सुमारे १०० चा, म्हणजे १ टक्का असतो. १०० च पडल्यास तो १० टक्के होतो. येथे मूळचे कोणते व आगंतुक कोणते हे सांगणारा नियम नाही, केवळ संभाव्यता आहे. शिवाय एक दुरुस्ती दुसरा दोष वाढविते: काळवंडलेला कोपरा चौपट उजळला की तेथील नॉइजही चौपट होतो.

निवारणाची किंमत पाठास द्यावी लागते. मध्यक-पद्धतीत प्रत्येक बिंदूच्या जागी तीन-बाय-तीन चौकटीतील नऊ मूल्यांपैकी क्रमाने मधले मूल्य घातले जाते. दोन-बाय-दोन बिंदूंचा एकाकी काळा ठिपका अशा चौकटीत चारांहून अधिक जागा व्यापू शकत नाही; तेव्हा तो समूळ नाहीसा होतो. तो धुळीचा असेल तर लाभच; अनुस्वार असेल तर ‘त्यांचा’चे ‘त्याचा’ होऊन वचन किंवा आदरार्थ बदलतो. अक्षर स्वच्छ दिसत असल्यामुळे वाचकास शंकाही येत नाही, आणि यंत्राचा प्रमाद लेखनिकाच्या नावावर जमा होतो.

या दृष्टीने बुआदेस, कोल व मोरेल यांनी २००५ मध्ये मांडलेला विचार महत्त्वाचा ठरतो. त्यांची पद्धती केवळ शेजारच्या बिंदूंवर न विसंबता प्रतिमेत अन्यत्र आढळणाऱ्या सदृश तुकड्यांची सरासरी घेते. अक्षराकृतींची पुनरावृत्ती असलेल्या पृष्ठास ती अनुकूल आहे, हे मान्य करावे लागेल. तथापि पुसट अनुस्वार व कोरा कागद यांतील फरक नॉइजइतकाच असल्यास तीही फसते. पद्धतीपेक्षा त्यांची कसोटी अधिक मोलाची आहे: मूळ प्रतिमेतून शुद्ध प्रतिमा वजा केली असता उरेल ते निव्वळ नॉइजसारखे दिसावे, त्यात आकृती दिसू लागली तर मूळ वस्तूच खरवडली गेली, असे समजावे.

पाठसंपादनास हा विवेक नवा नाही. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या, १९६६ मध्ये पूर्ण झालेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत त्याज्य पाठही तळटीपांत व परिशिष्टांत राखलेले आहेत. छायाचित्रासही हाच न्याय लावावा. स्थिर पृष्ठाच्या १६ प्रतिमांची सरासरी घेतल्यास नॉइज एक-चतुर्थांश होतो आणि ठिपक्यांचा बळी द्यावा लागत नाही. ते शक्य नसेल तेथे कॅमेऱ्याची असंस्कारित फाइल जपणे व संस्कारांची नोंद ठेवणे अपरिहार्य आहे. ज्या प्रतिमेबरोबर अशी नोंद नाही, तिच्यावरून अनुस्वाराविषयी काढलेला निष्कर्ष अप्रमाण मानावा.