बाबासाहेबांच्या चरित्रातील मित्र

राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती मिळवून केळापूर तालुक्यातला माझा एक विद्यार्थी जर्मनीला शिकायला गेला. जाताना त्याने सोबत बाबासाहेबांचे चरित्र नेले होते. चार महिन्यांनी त्याने मला फोनवर विचारले, "सर, बाबासाहेबायले तिकडं दोस्त होते का जी?" मी चटकन नवल भथेना हे नाव सांगितले आणि पुढे अडखळलो. गेली तीस वर्षे मी जयंतीच्या सभांतून बोलतो आहे. या मैत्रीवर दोन वाक्येही मी कधी बोललेलो नाही.

हा दोष माझ्या एकट्याचा नाही. धनंजय कीर, चां. भ. खैरमोडे यांनी निदान नावे नोंदवून ठेवली. पण त्यांच्यावर पोसलेल्या पुस्तिका, शाळेतले धडे आणि आमची भाषणे एकच चित्र रंगवतात : अठरा अठरा तास वाचणारा, अर्धपोटी राहणारा, एकाकी पुरुष. हे चित्र खोटे नाही, अपुरे आहे. आणि अपुरे चित्र नुकसान करते. परभाषेच्या गावात एकट्या खोलीत बसलेल्या मुलाला ते सांगते की, मैत्री ही खात्यापित्या घरच्या पोरांची चैन आहे, तू पुस्तक उघड.

वस्तुस्थिती काय आहे? १९१३ साली बाबासाहेब न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात गेले. आरंभी वसतिगृहातले जेवण मानवले नाही, मग ते कॉस्मॉपॉलिटन क्लबात गेले, शेवटी लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये भथेनांबरोबर राहिले. पुढे १९२० साली अपुरे शिक्षण पूर्ण करायला लंडनला निघाले तेव्हा शाहू महाराजांच्या मदतीबरोबर भथेनांनी दिलेले ५,००० रुपयांचे कर्जही होते. म्हणजे ज्या अभ्यासाचे आपण गोडवे गातो त्याच्या खर्चात एका मित्राचाही वाटा होता. हे सांगितल्याने बाबासाहेब लहान होतात काय?

आता यातली मेख पाहा. भथेना मुंबईचे पारशी. दोघे मुंबईत वाढले आणि एका खोलीत राहिले ते न्यूयॉर्कमध्ये. त्यानंतर १९१७ साली बाबासाहेब बडोद्याला नोकरीवर रुजू झाले. राहायला जागा मिळेना, म्हणून पारशी नाव घेऊन पारशांच्याच धर्मशाळेत उतरले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या पारशांच्या जमावाने त्यांना बाहेर काढले. मग ते दोन परिचितांकडे गेले, एक हिंदू, एक ख्रिस्ती. एकाने नोकरांची अडचण सांगितली, दुसऱ्याने बायकोची. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या १९९० साली प्रसिद्ध झालेल्या आत्मकथनात त्यांनीच हे लिहिले आहे. परदेशातल्या वर्षांत आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच पुसली गेली होती, असेही त्यात आहे. बडोद्याचा प्रसंग आम्ही सभेत डोळ्यांत पाणी आणून सांगतो. त्याच्या शेजारी लिव्हिंग्स्टन हॉलची खोली मात्र ठेवत नाही. ती ठेवली तर प्रश्न केवळ पारशांच्या किंवा हिंदूंच्या स्वभावाचा राहत नाही. एकाच समाजातली माणसे तिथे मित्र होतात आणि इथे काठी उचलतात, ते कोणत्या व्यवस्थेमुळे, असा तो होतो.

परदेशाचे देव्हारे माजवण्याचेही कारण नाही. त्याच न्यूयॉर्कमध्ये काळ्या माणसाची वस्ती वेगळी होती, आणि माझ्या विद्यार्थ्यालाही कातडीच्या रंगावरून खोली नाकारली गेली आहे. पण जर्मनच्या वर्गात सगळेच तुटके बोलतात, कुणीच कुणाला हसत नाही, असे तो सांगतो. एका व्हिएतनामी मुलाबरोबर तो भात शिजवतो. तिथल्या मराठी मंडळींच्या घरी गेला तेव्हा पहिला प्रश्न आडनावाचा आला, दुसरा गावाचा. गाव सांगितल्यावर, "केळापूर म्हणजे जगदंबेचं का?" असे कौतुकाने विचारले गेले. आडनाव कळल्यावर पुन्हा बोलावणे आले नाही.

मी त्याला भथेना समजावून सांगत होतो आणि मला आमच्याच तालुक्यातले वसतिगृह आठवत होते. तिथे आमच्या वर्गात पोडावरून आलेला एक कोलाम मुलगा होता. त्याच्या घरची बोली कोलामी. त्याच्या दृष्टीने आमची मराठी शाळा हाच परमुलूख होता. तो 'आई आला' म्हणे आणि आम्ही लोळून हसत असू. आम्ही म्हणजे बौद्धवाड्यातली पोरे, ज्यांना गावात पाणी वरून ओतले जाई. कोलामीतला एक शब्दही आमच्यापैकी कुणी शिकला नाही. दिवाळीच्या सुट्टीत तो घरी गेला तो परत आलाच नाही. त्याचा पोड चार कोसांवर होता. कुणी विचारायला गेले नाही.

हे मी विद्यार्थ्याला सांगितले. तो थोडा थांबून म्हणाला, "नाव काय होतं जी त्याचं?"

मला ते सांगता आले नाही.