पटकथेची दुहेरी भाषा आणि निवासी मार्गदर्शन

पटकथा ही एकाच लेखनात दोन प्रकारची भाषा वागविणारी संहिता आहे. स्थळ, काळ आणि कृती सांगणारा तिचा निवेदनाचा भाग दिग्दर्शक, छायालेखक आणि नट यांच्यासाठी असतो. चित्रपट पुरा झाला की त्यातील एकही शब्द उरत नाही. संवाद मात्र शब्दशः प्रेक्षकाच्या कानी पडतात. हा भेद वरवर साधा वाटतो. पण नवोदित चित्रपटकारांसाठी चालणाऱ्या निवासी पटकथा-शिबिरांचे मूल्यमापन करू जाता तोच निर्णायक ठरतो.

अशा शिबिरांची प्रथा आता चांगलीच रूढ झाली आहे. रॉबर्ट रेडफोर्ड यांच्या सनडान्स संस्थेने १९८१ साली अमेरिकेतील यूटा राज्यात आपली पहिली प्रयोगशाळा भरविली. भारतात राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाने २००७ मध्ये पटकथालेखकांसाठी असाच उपक्रम आरंभिला, तर व्हेनिसच्या बिएनाले संस्थेने २०१२ मध्ये ‘बिएनाले कॉलेज सिनेमा’ सुरू केले. कार्यपद्धती थोड्याफार फरकाने एकच आहे. लेखक आपला खर्डा घेऊन काही दिवस एके ठिकाणी राहतो. अनुभवी मार्गदर्शक तो वाचतात. त्यावर लेखकाशी स्वतंत्रपणे चर्चा करतात. आणि मग लेखक पुनर्लेखनास बसतो.

आंतरराष्ट्रीय शिबिरांत ही चर्चा सामान्यतः इंग्रजी खर्ड्यावर होते. निवेदनाच्या भागाचे त्यामुळे फारसे बिघडत नाही. ‘म्हातारी अंगणात बसली आहे’ हे कोणत्याही भाषेत लिहिले तरी छायालेखकाला तेच चित्र दिसते. संवादांची गोष्ट वेगळी आहे. ‘तू’, ‘तुम्ही’ आणि ‘आपण’ यांतील अंतर इंग्रजीच्या एका सर्वनामात बुडून जाते. मामेभाऊ, आतेभाऊ, मावसभाऊ आणि चुलतभाऊ या सर्वांचा एकच ‘कझिन’ होतो, आणि कोणाच्या शब्दाला घरात किती वजन आहे हे सांगणारी खूण पुसली जाते.

याहून सूक्ष्म उदाहरण निरोपाच्या शब्दाचे आहे. मराठी माणूस निघताना ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो. परंतु दुखवट्याच्या घरून उठताना अनेक ठिकाणी हा ‘येतो’ही कटाक्षाने टाळला जातो. पाहुणा काही न बोलता उठतो. पटकथेत येथे संवाद नसणे हाच संवाद होय. इंग्रजी खर्ड्यात ही अनुपस्थिती दिसणारच नाही, कारण जो शब्द त्या भाषेत त्या जागी अपेक्षितच नव्हता त्याचा अभाव जाणवावा कसा?

रोहन परशुराम कानवडे यांचा ‘साबर बोंडं’ हा मराठी चित्रपट या दृष्टीने विचारात घेण्याजोगा आहे. मुंबईत नोकरी करणारा आनंद वडिलांच्या मृत्यूनंतर दहा दिवसांच्या दुखवट्यासाठी गावी येतो, आणि बालमित्र बाळ्याशी त्याचे नाते पुन्हा जुळते, एवढेच त्याचे कथासूत्र. त्याची पटकथा २०२२ च्या महामंडळाच्या मराठी पटकथा-शिबिरातून गेली, तशीच व्हेनिसच्या बिएनाले कॉलेजमधून आणि २०२३ मध्ये लॉस एंजेलिस येथील निवासी उपक्रमातूनही गेली. २०२५ च्या सनडान्स महोत्सवात जागतिक कथाचित्रपट विभागाचे ग्रँड ज्युरी पारितोषिक त्याला मिळाले.

पारितोषिकावरून पद्धतीचे समर्थन करणे हा तर्कदोष होईल. पाहावयाचे ते संहितेतील भाषेचे काय झाले हे. शीर्षकापासूनच आरंभ करता येईल. ‘कॅक्टस पेअर्स’ हे इंग्रजी शीर्षक केवळ फळाचे नाव सांगते. ‘साबर बोंडं’ हे मूळ शीर्षक फळाबरोबर बोलणाराही सांगते. निवडुंगाला ‘साबर’ म्हणणारा, आणि प्रमाण लेखनातील ‘बोंडे’ न म्हणता अनुस्वारान्त ‘बोंडं’ उच्चारणारा माणूस त्या दोन शब्दांत उभा आहे. चित्रपटाचा मर्मही अशाच जागी आहे. नातलग आनंदपुढे लग्नाचा विषय काढतात तेव्हा त्यांच्यापाशी पिढ्यान्‌पिढ्या घासून गुळगुळीत झालेली वाक्ये असतात. आनंद आणि बाळ्या यांच्या संबंधाला मात्र नातेवाचक शब्दांच्या कोष्टकात घरच नाही. म्हणून चित्रपट स्थिर चौकटी आणि मितभाषण यांचा आश्रय घेतो. येथील मौन ही शैलीची हौस नाही. ती भाषेतील रिकाम्या जागेची अचूक नोंद आहे.

म्हणून परका मार्गदर्शक निरुपयोगी असे मात्र मानता येत नाही. किंबहुना त्याचे अज्ञान हीच त्याची मोठी देणगी असते. दहा दिवस घराबाहेर का पडू नये, असे तो विचारतो तेव्हा लेखकाला आपल्याच गृहीतांचा हिशेब द्यावा लागतो, आणि त्यातून प्रसंगांची कार्यकारणसंगती घट्ट होते. धोका उत्तरात आहे. ते उत्तर कृतीतून दिले तर पटकथा समृद्ध होते. पात्राच्या तोंडी घातले तर घरचीच माणसे एकमेकांना सुतकाचे नियम समजावून सांगू लागतात. जे सर्वांना ठाऊक आहे ते कोणी कोणास सांगत नाही, हा संभाषणाचा प्राथमिक नियम तेथे मोडतो, आणि मराठी प्रेक्षकाला तो संवाद तत्काळ खोटा वाटतो.

तेव्हा प्रश्न निवासी मार्गदर्शन असावे की नसावे हा नसून, त्यात कोणते वाचन आधी व्हावे हा आहे. रचनेची परीक्षा परभाषेत होऊ शकते; बोलीची परीक्षा त्या बोलीच्या कानांनीच व्हावयास हवी, आणि तीही मोठ्याने वाचून. मराठीत आधी पारखलेली संहिता परदेशी चर्चेचे प्रश्न पेलू शकते. प्रथमच इंग्रजीत रचली गेलेली संहिता पुढे मराठीत आणली, तर तिची पात्रे मराठी शब्द बोलतात, पण मराठी बोलत नाहीत. मराठी पटकथेसाठी अशी शिबिरे भरविणाऱ्यांनी मार्गदर्शकांच्या यादीत निदान एक कान त्या बोलीचा ठेवावा, एवढी अपेक्षा अवाजवी ठरू नये.