शाळेची भाषा आणि अंतरीची भाषा

फिलिपिनी शिक्षणविचाराचा मागोवा घेऊ लागले की रेनातो कॉन्स्तान्तिनो यांच्या एका निबंधापाशी थांबावेच लागते. ‘फिलिपिनो माणसाचे कुशिक्षण’ अशा आशयाचे शीर्षक असलेला हा निबंध १९६६ साली प्रसिद्ध झाला. आज तो पुन्हा वाचताना त्याची धार बोथट झाल्याचे आम्हांस जाणवले नाही.

कॉन्स्तान्तिनो यांचे प्रतिपादन थोडक्यात असे: अमेरिकेने फिलिपाईन्स शस्त्राने जिंकले, पण राखले ते शाळेने. ऑगस्ट १९०१ मध्ये ‘थॉमस’ नावाच्या जहाजातून सुमारे ५०० अमेरिकन शिक्षक मनिलाला आले. इंग्रजी हे शिक्षणाचे माध्यम ठरले. स्पेन खलनायक आणि अमेरिका उद्धारकर्ती, असा इतिहास मुलांच्या मनावर ठसला. परक्या भाषेशी झुंजण्यातच बुद्धीचे बळ सरले. पाठांतर वाढले, विचार खुंटला. शिकलेला मनुष्य आपल्याच लोकांना दुरावला.

हे निदान आम्हांस मान्य आहे. शंका आहे ती उपायाविषयी. स्वभाषा आली म्हणजे शिक्षण आपोआप मुक्त होते काय?

१५९३ साली मनिलात छापलेली ‘दोक्त्रिना क्रिस्तियाना’ ही धर्मशिक्षणाची पुस्तिका स्पॅनिशबरोबरच तागालोग भाषेतही होती. मिशनरी धर्मगुरूंनी लोकभाषा आत्मसात केल्या. फादर स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ ज्यांचा वारसा आहे, त्या आम्हां मराठी ख्रिस्ती जनांस या परिश्रमाचे मोल सांगावयास नको. परंतु त्याच भूमीतील होसे रिझाल यांनी ‘एल फिलिबुस्तेरिस्मो’ (१८९१) या कादंबरीत स्पॅनिश शिकू पाहणाऱ्या विद्यार्थ्यांना धर्मगुरूंचाच विरोध झालेला दाखविला आहे. पदार्थविज्ञानाच्या तासाला विद्यार्थ्यांचा होणारा पाणउतारा वाचून आजही मान खाली जाते. धर्मशिक्षण लोकांच्या भाषेत होते. प्रश्न विचारण्याची मोकळीक मात्र नव्हती.

कॉन्स्तान्तिनो यांच्या निबंधातील ही उणीव काही अंशी भरून निघते ती फादर लिओनार्दो मेर्कादो यांच्या फिलिपिनी तत्त्वज्ञानावरील १९७४ च्या ग्रंथात. लोकांचे तत्त्वज्ञान त्यांच्या नित्याच्या शब्दांत वसते, ही त्यांची भूमिका. तागालोगमधील ‘लोओब’, विसाया भाषांतील ‘बुओत’ व इलोकानोतील ‘नाकेम’ हे शब्द ते शेजारी ठेवतात. ‘लोओब’ म्हणजे आतला भाग. त्यात मन, बुद्धी आणि सदसद्विवेक वेगळे काढता येत नाहीत. शब्दांवरून समाजाचे मन वाचण्यात अतिव्याप्तीचा धोका आहे, हे खरे. तथापि शिक्षण अंतरीच्या माणसाला जागे करणारे असावे, हे सूत्र येथे हाती लागते. आणि ते एका राष्ट्रभाषेत नव्हे, अनेक बोलींत सापडते.

म्हणूनच अलीकडील घडामोडी आम्हांस अस्वस्थ करतात. २०१३ च्या कायद्याने तिसरीपर्यंत मातृभाषेला माध्यमाचे स्थान मिळाले होते. २०२४ च्या कायद्याने ते काढून घेतले आणि फिलिपिनो व इंग्रजी ही माध्यमे पुन्हा आली. इंग्रजीचे पारडे जड करणारी पोटापाण्याची चिंता खोटी नाही. सामवेदी वा वाडवळी बोलणाऱ्या घरांतून लेकरे इंग्रजी शाळेत धाडणाऱ्या आमच्या वाचकांना ती ठाऊक आहे. त्यांना दोष देण्याचा अधिकार आम्हांला नाही. मात्र शाळेतून परतलेल्या लेकराला आपल्या आजीशी मनातले बोलता येते काय, एवढे प्रत्येक घराने स्वतःस विचारावे.