सलाका आणि सत्ता : ब्रह्मदेशाच्या संविधानाचे परीक्षण

हुकूमशहा संसद, निवडणूक आणि संविधान केवळ देखाव्यापुरते ठेवतो, असे सर्रास म्हटले जाते. ब्रह्मदेशाचे (म्यानमारचे) २००८ चे संविधान बारकाईने वाचल्यास हे मत अपुरे ठरते. त्यातील संस्था शोभेच्या नव्हत्या. त्यांनी लष्कराची सत्ता प्रत्यक्ष राखली.

मे २००८ मध्ये 'नर्गिस' चक्रीवादळाने इरावतीच्या मुखप्रदेशात हाहाकार उडविला असतानाच सार्वमत उरकण्यात आले आणि ९२ टक्क्यांहून अधिक संमती मिळाल्याचे लष्करी राजवटीने जाहीर केले. या संविधानाने कनिष्ठ सभागृहातील ४४० पैकी ११० आणि वरिष्ठ सभागृहातील २२४ पैकी ५६ जागा सरसेनापतीने नेमलेल्या लष्करी प्रतिनिधींना दिल्या. म्हणजे नेमका एक चतुर्थांश. घटनादुरुस्तीस मात्र ७५ टक्क्यांहून अधिक सभासदांची संमती आवश्यक ठरविली. २०१५ साली आँग सान सू ची यांच्या पक्षाने प्रचंड बहुमत मिळविले, तरी लष्कराचे अधिकार घटविणाऱ्या दुरुस्त्या मार्च २०२० मध्ये याच अंकगणितावर आपटल्या. त्या पक्षाने २०२० ची निवडणूकही जिंकली, तेव्हा १ फेब्रुवारी २०२१ रोजी लष्कराने राष्ट्राध्यक्षांना अटक केली. लष्कराच्या गटाने निवडलेले उपराष्ट्राध्यक्ष हंगामी राष्ट्राध्यक्ष झाले आणि त्यांनी कलम ४१७ अन्वये आणीबाणी पुकारून सत्ता सरसेनापतीच्या स्वाधीन केली. बंडालाही कलमाचा आधार दाखविता आला!

संघाच्या बाबतीतही हीच रीत दिसते. १९८० साली राज्य संघ महानायक समिती स्थापन झाली. १९९० साली मंडालेच्या भिक्खूंनी लष्करी अधिकाऱ्यांविरुद्ध 'पत्तनिक्कुज्जन' केले, म्हणजे भिक्षापात्र पालथे घालून त्यांचे दान नाकारले. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात राजवटीने कायदा करून नऊ मान्य निकायांबाहेरील भिक्खुसंघटनांना बंदी केली. सप्टेंबर २००७ मध्ये पात्रे पुन्हा पालथी झाली, तेव्हा भिक्खूंनी ऐहिक व्यवहारांपासून दूर राहावे, असा आदेश या समितीनेच काढला. संघाला संघाच्याच नावाने गप्प बसविले गेले.

अशा संस्थांची पारख करण्याची कसोटी विनयपिटकातच आहे. चुल्लवग्गात सलाकाग्रहणाचे, म्हणजे मतदानाचे, दहा अधम्मिक आणि दहा धम्मिक प्रकार सांगितले आहेत. सलाका वाटल्या एवढ्याने निर्णय वैध होत नाही. त्या 'यथादिट्ठि', प्रत्येकाच्या स्वतःच्या मतानुसार, घेतल्या गेल्या पाहिजेत. ज्या सभागृहातील चतुर्थांश सभासद सेनापतीच्या आज्ञेने हात वर करतात, तेथे 'यथादिट्ठि' कोठून येणार?

तथापि संस्था सर्वस्वी टाकाऊ आहेत, असा याचा अर्थ नव्हे. त्याच चौकटीतून २०१५ चा जनादेशही प्रकट झाला होता. दोष संस्थेच्या असण्यात नाही. जनमताची वाट अडविणाऱ्या तिच्या रचनेत आहे.

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी भिक्खुसंघाच्या संसदीय कार्यपद्धतीचे स्मरण करून दिले. लोकशाहीचे बाह्यरूप टिकून प्रत्यक्षात हुकूमशाही अवतरू शकते, हा इशाराही त्यांनी त्याच भाषणात दिला. त्यांच्या अनुयायांनी या दोन्ही गोष्टी एकत्रच वाचावयास हव्यात. संविधान हाती घेताना त्यातील हक्कांची कलमे आपण आवर्जून वाचतो. दुरुस्तीचे आणि आणीबाणीचे कलमही तितक्याच जागरूकतेने वाचले पाहिजे.