साखर ‘नॉर्मल’, इन्शुलिन ‘जास्त’ : एका दाव्याची तपासणी

उपाशीपोटी साखर ९२. डॉक्टर म्हणतात, ‘काही नाही, नॉर्मल आहे.’ पण गृहस्थांना दुपारच्या जेवणानंतर डोळे उघडे ठेवणे कठीण जाते, दोन वर्षांत कमरेचा पट्टा दोन भोके सैल करावा लागला आहे, आणि वडील व थोरला भाऊ दोघेही मधुमेही आहेत. मग शंका फिटायची कशी? शहरांतल्या काही प्रयोगशाळा हल्ली या शंकेवर तयार उत्तर देतात : ‘नुसती साखर पाहू नका, इन्शुलिन तपासा.’ या सल्ल्यामागे बऱ्याचदा ज्यांचे काम नाव न घेता उभे असते, ते शिकागोचे विकृतिशास्त्रज्ञ जोसेफ क्राफ्ट. त्यांचे ‘डायबेटिस एपिडेमिक अँड यू’ हे पुस्तक २००८ साली निघाले. सर्वांचीच तपासणी करावी काय, असा प्रश्न त्याच्या उपशीर्षकात आहे, आणि लेखकाचा कौल ‘करावी’ या बाजूला आहे. पुस्तक जुने झाले, पण त्यातला दावा आज अधिक खपतो आहे. ‘चाचणीत काही सापडले नाही’ या वाक्याचा नेमका अर्थ काय, हा प्रश्न विज्ञान शिकवणाऱ्यांच्या रोजच्या कामातला असल्यामुळे त्या दाव्याची तपासणी येथे केली तर ती अस्थानी ठरू नये.

आधी थोडी पार्श्वभूमी. रक्तातील ग्लुकोज मोजणे तुलनेने सोपे. इन्शुलिन मात्र इतक्या सूक्ष्म प्रमाणात असते की ते मोजण्याची खात्रीची पद्धत बराच काळ नव्हती. न्यूयॉर्कच्या सॉलोमन बर्सन आणि रोझलिन यालो यांनी किरणोत्सारी आयोडिन व प्रतिपिंडे वापरून १९६०च्या सुमारास ती बसवली. (बर्सन १९७२ मध्ये वारले, त्यामुळे १९७७चे नोबेल पारितोषिक यालो यांनाच मिळाले.) तिने पहिला धक्का असा दिला, की प्रौढ वयात मधुमेह झालेल्या अनेकांच्या रक्तात इन्शुलिन कमी नव्हतेच, उलट निरोगी माणसांपेक्षा जास्त होते. म्हणजे इन्शुलिन आहे, पण पेशी त्याला दाद देत नाहीत.

क्राफ्ट यांनी ही पद्धत रुग्णालयाच्या रोजच्या कामात आणली. रुग्णाला १०० ग्रॅम ग्लुकोज पाजायचे आणि पुढचे काही तास ठराविक अंतराने रक्त घेऊन साखर व इन्शुलिन दोन्ही मोजायचे. अशा १४,०००हून अधिक चाचण्या त्यांनी केल्या. इन्शुलिनच्या आलेखांचे त्यांनी पाच प्रकार पाडले. पहिल्यात इन्शुलिन अर्ध्या ते एका तासात शिखर गाठून वेळेवर खाली येते; हा निरोगी प्रकार. दुसऱ्यात ते चढते वेळेवर, पण उतरायला रेंगाळते. तिसऱ्यात शिखरच दोन-तीन तासांवर सरकते. चौथ्यात उपाशीपोटीच इन्शुलिन चढलेले असते, आणि पाचव्यात ते फारसे चढतच नाही. साखर नॉर्मल असूनही इन्शुलिनचा आलेख बिघडलेली पुष्कळ माणसे त्यांना आढळली. या स्थितीला १९७५च्या लेखात त्यांनी जागच्या जागी दबा धरून बसलेला मधुमेह म्हटले. कर्करोगाच्या आरंभीच्या अवस्थेसाठी विकृतिशास्त्रात रूढ असलेलाच शब्द त्यांनी उचलला.

या मांडणीचा गाभा पक्का आहे. चढावर बैलगाडी चालली आहे. काल दोन बैल होते, आज सहा जुंपले आहेत. वेग मात्र तोच. रस्त्याकडेला उभे राहून आपण फक्त वेग मोजला तर ‘काही फरक नाही’ असेच म्हणू. उपाशीपोटीची साखर हा गाडीचा वेग आहे, इन्शुलिन हे बैल. स्वादुपिंड जास्त इन्शुलिन सोडून साखर जाग्यावर ठेवते, तोवर साखरेचा अहवाल आतली ओढाताण दाखवू शकत नाही. लंडनमधल्या सरकारी नोकरांच्या दीर्घ पाहणीतून २००९ साली हेच पुढे आले : ज्यांना पुढे मधुमेह झाला, त्यांची इन्शुलिनला दाद देण्याची क्षमता निदानाच्या कित्येक वर्षे आधीपासून घसरत होती. येथवर क्राफ्ट बरोबर आहेत, आणि काळाच्या पुढेही होते.

अडचण यापुढे सुरू होते. पहिली अडचण नमुन्याची. तपासलेली माणसे ही रुग्णालयात चाचणीसाठी पाठवलेली, म्हणजे आधीच काही तक्रार किंवा शंका असलेली होती. शाळेच्या आरोग्य-कक्षात आलेल्या मुलांवरून सगळ्या शाळेत किती मुले आजारी आहेत हे ठरवावे, तसा हा प्रकार. अशा गर्दीवरून ‘सर्वांचीच तपासणी करा’ असे सांगता येत नाही.

दुसरी अडचण मोजपट्टीची. इन्शुलिन लहान लहान लाटांनी स्रवते. दर काही मिनिटांनी त्याची पातळी हलते. त्यातून, एकच रक्त दोन प्रयोगशाळांत वेगवेगळ्या पद्धतींनी तपासले तर आकड्यांत चांगलीच तफावत पडू शकते. जुन्या पद्धती तर इन्शुलिनचा पूर्वरूप रेणूही त्यातच मोजत. साखरेच्या मापनात आलेले प्रमाणीकरण इन्शुलिनच्या बाबतीत आलेले नाही. ‘होमा’ नावाचा जो निर्देशांक हल्ली अहवालांत छापतात, तो म्हणजे उपाशीपोटीची साखर गुणिले इन्शुलिन, भागिले ४०५. साखर ९० व इन्शुलिन ९ असेल तर उत्तर २ येते. पद्धतीतल्या फरकामुळे तेच इन्शुलिन १३ आले तर उत्तर जवळजवळ ३ होते, आणि नॉर्मल माणूस एका रात्रीत ‘रोधी’ ठरतो. अमेरिकन डायबेटिस असोसिएशनच्या मधुमेह-निदानाच्या निकषांत इन्शुलिनच्या मापनाला जागा नाही, त्याचे कारण असे साधे आहे.

तिसरी अडचण मला सर्वांत गंभीर वाटते. हृदयविकार असूनही ज्याला मधुमेह नाही असे म्हणतात, त्याचे निदान फक्त व्हायचे राहिले आहे, अशी क्राफ्ट यांची भूमिका आहे. हे विधान खोटे ठरवायचे कसे? साखर नॉर्मल निघाली तर इन्शुलिन पाहा. तेही ठीक निघाले तर पुन्हा कधीतरी पाहा. कोणत्याही निकालाने डळमळत नाही असे विधान वर्गात मुलांसमोर वैज्ञानिक म्हणून ठेवता येणार नाही. हृदयविकार तंबाखूने होतो, रक्तदाबाने होतो, जन्मजात वाढलेल्या कोलेस्टेरॉलने होतो. या साऱ्यांना एका संप्रेरकाच्या दावणीला बांधणे हा उत्साह झाला.

शिवाय आपल्याकडचे चित्र या साच्यात पुरते बसत नाही. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचे २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापलेले छायाचित्र अनेकांनी पाहिले असेल. याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी युडकिन शेजारी शेजारी उभे. दोघांचाही उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक २२.३. पण शरीरातील चरबी युडकिन यांच्यात ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के. काटा ज्याला सडपातळ म्हणतो तो भारतीय आतून तसा असतोच असे नाही. ही झाली इन्शुलिनरोधाची बाजू. पुण्यातच तरुणपणी मधुमेह झालेल्यांच्या अभ्यासात मात्र इन्शुलिन कमी पडणे हेच मोठे कारण दिसले. तो अभ्यास २०२२ साली प्रसिद्ध झाला. म्हणजे ‘इन्शुलिन कमी आहे, छान!’ असा दिलासा आपल्या तरुणांना देणे धोक्याचेही ठरू शकते.

आणि मुळात इन्शुलिनकडे धाव घेण्याआधी साखर तरी नीट मोजली गेली का? रक्त नळीत घेतल्यावरही त्यातल्या पेशी जिवंत असतात आणि ग्लुकोज खातच राहतात. साध्या नळीतले रक्त तसेच ठेवले तर सर्वसाधारण तापमानाला दर तासाला ५ ते ७ टक्के साखर कमी होते. गावात शिबिर, नमुने दुपारच्या गाडीने तालुक्याला, असा चार तासांचा प्रवास झाला तर ११०ची साखर ८६ म्हणून छापून येऊ शकते. त्यासाठी फ्लोराइड घातलेली नळी असते. तिचाही परिणाम व्हायला तास-दोन तास लागतात, म्हणून रक्तद्रव लवकर वेगळा करणे उत्तम. ‘नॉर्मल’ अहवालामागे असे अगदी गद्य कारणही असू शकते.

दुसरी गोष्ट ‘नॉर्मल’च्या रेषेची. उपाशीपोटी १४० ही मधुमेहाची रेषा १९९७ साली अमेरिकन संघटनेने १२६वर आणली. मधुमेहपूर्व स्थितीची ११०ची रेषा तिनेच २००३ मध्ये १००वर खेचली, तर जागतिक आरोग्य संघटना ११०वरच थांबली. १०५ साखर असलेला माणूस एका फूटपट्टीने निरोगी आणि दुसरीने मधुमेहपूर्व ठरतो. माणूस तोच.

तिसरी गोष्ट तीन महिन्यांच्या सरासरीची, म्हणजे एचबीए-वन-सी या चाचणीची. ती लाल पेशींतल्या हिमोग्लोबिनला चिकटलेली साखर मोजते, म्हणून लाल पेशींचे आयुष्य बदलले की आकडाही बदलतो. लोहाच्या कमतरतेने तो फुगतो. सिकलसेलसारख्या आजारात पेशी लवकर मोडतात, तेव्हा तो खोटा खाली येतो. २०१९–२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५७ टक्के रक्तक्षयी आढळल्या, आणि विदर्भात व नंदुरबारकडे सिकलसेल काही दुर्मिळ नाही. तेथे या एका आकड्यावर विसंबून कोणाला घाबरवू नये की निर्धास्तही करू नये.

मग त्या पट्टा सैल झालेल्या गृहस्थांनी काय करावे? माझ्या मते त्यांच्यासाठी जुनी, स्वस्त आणि बाजूला पडलेली चाचणी आहे : ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून पिऊन दोन तासांनी साखर पाहणे. १४० ते १९९ म्हणजे ग्लुकोज पचवण्याची क्षमता मंदावलेली, २०० किंवा अधिक म्हणजे मधुमेह. उपाशीपोटी निर्दोष दिसणारे बरेच भारतीय येथे सापडतात. ‘जेवणानंतरची साखर’ ही चाचणी हिची जागा घेऊ शकत नाही, कारण कोणी दोन भाकऱ्या खाऊन येतो, कोणी पोह्यांची बशी. चाचणीआधी तीन दिवस नेहमीसारखे जेवावे; भात-पोळी सोडून बसलेल्याची साखर ग्लुकोज घेतल्यावर उगाचच चढलेली दिसू शकते. आणि सर्वांत महत्त्वाचे : या चाचणीत सापडलेल्यांना आहार-व्यायामाने फायदा होतो, हे प्रयोगांनी दाखवलेले आहे. अमेरिकेत २००२ साली मधुमेहाचे नवे रोगी ५८ टक्क्यांनी कमी झाले, चेन्नईच्या डॉ. रामचंद्रन यांच्या २००६च्या प्रयोगात घट २८.५ टक्के होती. इन्शुलिनच्या पाच प्रकारांवरून माणसे निवडून असे मोठे प्रयोग झालेले नाहीत. आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने २०२४ मध्ये एका तासाच्या साखरेचीही शिफारस केली, १५५च्या पुढे सावध व्हा म्हणून. क्राफ्ट सांगत होते की आलेख आधी पाहा. ते काम आता इन्शुलिन न मोजताही बरेचसे होऊ शकते.

लक्षणांबद्दल मात्र क्राफ्टवादी आणि त्यांचे टीकाकार दोघेही थोडे सैल बोलतात. मधुमेहपूर्व स्थिती बहुधा मुकी असते. मूत्रपिंडे साखर बाहेर सोडू लागतात ती रक्तातली पातळी साधारण १८०च्या पुढे गेल्यावर. वारंवार लघवी आणि तहान त्यातून येते. साखर १२०–१३० असताना ही लक्षणे तिच्या माथी मारता येत नाहीत, कारण दुसरीकडे शोधावे लागते. थकव्याचे कारण रक्तक्षय, थायरॉइड किंवा रात्री घोरताना तुटणारी झोप असू शकते. पायांच्या मुंग्यांमागे ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता असू शकते, जी पुण्याच्या पाहण्यांतच मोठ्या प्रमाणावर दिसली आहे. मधुमेह ‘लपला आहे’ या समजुतीने वर्षभर इन्शुलिन मोजत बसणाऱ्याचा ब-१२ तपासायचा राहून जातो. नुकसान होते ते असे.

एक खूण मात्र डोळ्यांना दिसते, आणि ती शिक्षकांना डॉक्टरांच्या आधी दिसते. स्थूल मुलांच्या मानेवर मागच्या बाजूला, काखेत, मखमलीसारखा जाडसर काळपट पट्टा येतो. रक्तात जास्त झालेले इन्शुलिन त्वचेच्या पेशींना वाढण्याचा इशारा देते, म्हणून तो उठतो. साखर त्या वेळी पूर्ण नॉर्मल असू शकते. घरी त्या मुलाची मान घासून घासून लाल केलेली असते आणि वर्गात ‘आंघोळ करतोस की नाही?’ म्हणून त्याला चारचौघांत उभे केले जाते. तो मळ नव्हे, घासून जात नाही. पालकांना एकट्याने बोलावून सांगावे, डॉक्टरांना मान दाखवा, मुलाचे वजन, कंबर, रक्तदाब पाहून घ्या. आणि मधल्या सुट्टीत त्याला मैदानावर जाऊ द्यावे.