भाकीत चुकलं, नियम राहिला

पॉल एर्लिक यांचं ‘द पॉप्युलेशन बॉम्ब’ १९६८ साली आलं आणि ‘द लिमिट्स टू ग्रोथ’ १९७२ साली. इंटरनेटवर दोघांची नावं बहुतेक वेळा एकाच वाक्यात येतात: माणसं वाढतील, अन्न-खनिजं संपतील अशी भीती घालणारी आणि खोटी ठरलेली पुस्तकं. दोन्ही लागोपाठ वाचल्यावर माझं मत वेगळं झालं. हा शिक्का एका पुस्तकाला शोभतो, दुसऱ्याला नाही. आणि ज्याला शोभतो, त्याचा हिशेब आपल्याकडे अजून मिटलेला नाही.

आधी एर्लिक. सत्तरच्या दशकात कोट्यवधी लोक उपासमारीने मरतील, आता काहीही केलं तरी ते टळणार नाही, असं ते ठामपणे लिहितात. भारताकडून त्यांना फारशी आशाच नव्हती. गंमत म्हणजे ज्या वर्षी पुस्तक आलं, त्याच वर्षी भारतात गव्हाचं पीक एका हंगामात १.१४ कोटी टनांवरून १.६५ कोटी टनांवर गेलं. सरकारने ‘गहू क्रांती’चं पोस्टाचं तिकीटही काढलं.

पण ‘नवं बियाणं आलं म्हणून भाकीत चुकलं’ एवढ्यावर थांबणंही आळशीपणाचं आहे. १९७०-७३ चा महाराष्ट्रातला दुष्काळ बघा. तेव्हा बियाणं कामाला आलं नाही, राज्यात पिकं सलग बुडाली. एर्लिक यांच्या गणिताप्रमाणे इथे प्रेतांचे ढीग दिसायला हवे होते. झालं असं, की मे १९७३ मध्ये सुमारे ५० लाख लोक दुष्काळी कामांवर होते. कुणी खडी फोडत होतं, कुणी पाझर तलाव खोदत होतं. हाल प्रचंड झाले, पण मजुरी हातात पडत होती, म्हणून धान्य विकत घेता येत होतं. त्यातूनच रोजगार हमीचा १९७७ चा कायदा आला. एर्लिक यांच्या पुस्तकात माणूस म्हणजे फक्त खाणारं तोंड. काम मागणारा, मोर्चा काढणारा, सरकारला भाग पाडणारा माणूस त्यांच्या मॉडेलमध्येच नाही. पुस्तकाच्या सुरुवातीला ते दिल्लीतल्या एका गरम रात्री टॅक्सीतून गर्दी बघतात आणि हादरतात. तेव्हाची दिल्ली पॅरिस महानगराहून कितीतरी लहान होती. त्यांनी बघितली गरिबी आणि मोजली संख्या.

‘लिमिट्स’ची गोष्ट वेगळी. एमआयटीतल्या तरुण टीमने ‘वर्ल्ड-थ्री’ नावाचं कॉम्प्युटर मॉडेल चालवलं. इनपुट बदलून तेच मॉडेल पुन्हा पुन्हा चालवायचं आणि काय होतं ते बघायचं, असं हे काम आहे. कोड लिहिणाऱ्याला ते लगेच ओळखीचं वाटतं. त्यात ‘अमुक साली जग संपेल’ असं वाक्य नाही. टीकाकार बोट ठेवतात ते खनिजांच्या तक्त्यावर.

आमच्या तुमसर तालुक्यात आंबागडचा किल्ला आहे. त्याच तालुक्यात चिखला आणि डोंगरी बुजुर्गच्या मॅंगनीजच्या खाणी आहेत. त्यामुळे तक्त्यात मी पहिल्यांदा मॅंगनीजच शोधलं. तिथे तीन आकडे आहेत. वापर आहे तेवढाच राहिला तर साठा ९७ वर्षं पुरेल, वापर वाढत गेला तर ४६ वर्षं, आणि साठा पाचपट निघाला तर वाढत्या वापरातही ९४ वर्षं. मधला आकडा उचलला की मॅंगनीज २०१८ मध्ये संपायला हवं होतं. खाणी चालूच आहेत, म्हणजे लेखक खोटे! पण शेजारचा तिसरा आकडा लेखकांनीच छापलाय. तो न वाचता केलेली टीका ही टीका नव्हे.

पुस्तकाची खरी उणीव मला दुसरीकडे दिसते. टंचाई म्हणजे साठा कमी पडणं, असं ते धरून चालतं. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यात मालगुजारी तलाव हजारोंनी आहेत. गोंड राजवटीत कोहळी समाजाने ते बांधत नेले. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली आणि तलाव सरकारकडे आले. पाळीची, दुरुस्तीची जुनी व्यवस्था मोडली, नवी धड उभी राहिली नाही, आणि तलाव गाळाने भरत गेले. पाऊस तोच, तलावही तिथेच, तरी धानाला पाणी कमी. ही टंचाई कुठल्याच तक्त्यात सापडणार नाही.

आता हिशेबाचं. भारतातल्या तीन किंवा जास्त मुलांच्या बापांची नसबंदी करण्याची कल्पना पुढे आली, तेव्हा अमेरिकेने दबाव आणून साधनं पुरवायला हवी होती, असं एर्लिक लिहितात. १९७६ मध्ये महाराष्ट्राच्या विधिमंडळाने तीन मुलांनंतर सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूर केलं. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते बारगळलं. पण सप्टेंबर २००१ नंतर तिसरं मूल झालं तर ग्रामपंचायत लढवता येणार नाही, हा नियम मात्र आला. राज्यातला प्रजनन दर त्याआधीच उतरत होता: १९९२-९३ मध्ये सुमारे २.९, १९९८-९९ मध्ये २.५. २०१९-२१ मध्ये तो १.७ होता. २००१ ते २०११ या दहा वर्षांत भंडारा जिल्ह्याची लोकसंख्या जेमतेम साडेपाच टक्क्यांनी वाढली. बॉम्ब कधीच निकामी झाला, नियमाचा कोड मात्र चालूच राहिला. मुलं किती हे जिला घरात ठरवू देत नाहीत, तिचंच सरपंचपद त्यात जातं.

संततिनियमनाचा दुसरा रस्ता मराठीत खूप आधी सांगून झाला होता. र. धों. कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत केंद्र काढलं आणि १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ चालवलं. त्यांच्या मांडणीत बाईचं शरीर आणि तिचं सुख हा मुख्य मुद्दा होता. एर्लिक यांच्या पुस्तकात नेमकी तीच बाई नाही.

आता भाकीत उलटं झालंय. माणसं कमी पडतील, जास्त मुलं होऊ द्या, असं काही राज्यांचे नेते बोलू लागलेत. आंध्र प्रदेशाने २०२४ मध्ये स्थानिक निवडणुकांतली दोन मुलांची अट काढली. अट गेली हे चांगलंच झालं. पण कारण म्हणून पुन्हा देशाची बेरीजच पुढे केली जातेय. असं नवं भाकीत वाचताना आकडा खरा ठरेल का, हे जरूर तपासा. त्याबरोबर त्यात माणूस कुठे काम करतो, कुठे नकार देतो, कुठे स्वतः ठरवतो, तेही शोधा. सापडलं नाही, तर आकडा बरोबर निघाला तरी मला ते पुस्तक चुकीचंच वाटेल.